बिनपगारी राखणदाराला मत कुठे आहे?

आजचा विषय आम्ही प्रश्नाच्या रूपातच मांडतो. जे काम कुणी आपखुशीनं, फुकट करतं, त्यावर त्याचा हक्क किती? आणि मालकानं नियम बदलले तर त्यानं दाद मागायची कुणाकडे?

जून २०२३ मध्ये हा प्रश्न दोन ठिकाणी उभा राहिला. पहिलं ठिकाण 'रेडिट'. तिथे हजारो चर्चागट आहेत आणि त्यांतली शिवीगाळ, जाहिरातबाजी निपटून काढणारे मॉडरेटर बिनपगारी आहेत. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन असतो ना, तसेच. फक्त काही गटांचे सभासद लाखांनी. बाहेरच्या ॲपना आधी फुकट मिळणाऱ्या माहितीवर कंपनीनं दर लावले. 'अपोलो' ॲपच्या कर्त्यानं हिशोब मांडला, वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर, आणि ३० जूनला ॲप बंद केलं. अनेक मॉडरेटरांची कामाची साधनं अशा ॲपमध्ये होती, अंध वापरकर्त्यांचा आधारही. म्हणून १२ जूनपासून हजारो गटांनी दारं लावून घेतली. बहुतेकांनी ४८ तासांपुरती.

आता बघा, संप कधी संपणार हे मालकाला आधीच सांगितलं, तर तो वाट बघत बसणार, दुसरं काय! प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना तेच कळवलं, की हेही निघून जाईल. गट उघडा, नाहीतर पद जाईल, असा दबाव आला. अंधांसाठीच्या काही बिगरव्यापारी ॲपना सूट मिळाली. दर तसेच राहिले.

हफमन यांनी मॉडरेटरांची तुलना वतनदार जमीनदारांशी केली. आधी आला तो बसला, लोकांना त्याला हटवता येत नाही, असा त्याचा अर्थ. ही टीका आम्हाला निम्मी खरी वाटते. गट बंद करताना आत वावरणाऱ्यांना सगळीकडे विचारलं गेलं नव्हतं. पण बोलणाऱ्याला तरी वापरकर्त्यांनी कुठे निवडलं होतं?

दुसरं ठिकाण 'स्टॅक एक्स्चेंज', प्रश्नोत्तरांचं. यंत्राने लिहिल्याचा संशय असलेली उत्तरं काढण्यावर कंपनीनं बंधनं घातली, तेव्हा ५ जूनला मॉडरेटरांनी काम थांबवलं. दारं उघडी ठेवली, साफसफाई तेवढी सोडली. प्रतिनिधी नेमले, बोलणी केली आणि ऑगस्टमध्ये तडजोड झाली. तिथले बहुतेक मॉडरेटर वापरकर्त्यांच्या मतांनी निवडलेले असतात. शिवाय तिथला मजकूर खुल्या परवान्याखाली आहे, तो उचलून दुसरीकडे नेता येतो. मालकाला हे ठाऊक असतं, बरं का!

तत्त्वज्ञानात जॉन लॉकपासून म्हणतात, की ज्यात माणसानं श्रम मिसळले ते त्याचं. आमचं म्हणणं, श्रमातून नैतिक दावा निर्माण होतो, पण बोलण्याचा अधिकार निवडून येण्यातून येतो. दावा आहे पण प्रतिनिधित्व नाही, अशी रेडिटची गत झाली.

इथे मानपाड्यात बसलेल्यांपैकी बरेच सोसायटीच्या कमिटीवर असतील. पगार शून्य, शिव्या भरपूर. तरी १९६० च्या सहकार कायद्यानं एका सभासदाला एक मत दिलं आहे, फ्लॅट केवढाही असो. वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, सेक्रेटरीला जाब विचारता येतो आणि सेक्रेटरीही सभेच्या बळावर बिल्डरला जाब विचारतो. ऑनलाइन वस्तीत माणसं आहेत, झाडूवाला आहे, बिल्डरही आहे; सभा तेवढी नाही.

मार्च २०२४ मध्ये रेडिट शेअर बाजारात आली, तेव्हा काही शेअर वापरकर्त्यांना आणि मॉडरेटरांनाही देऊ केले. पण तिथे मत शेअरमागे मोजतात, माणसामागे नाही. म्हणून पुढच्या आंदोलनाची पहिली मागणी दराबद्दल नसावी. आम्हाला निवडण्याचा आणि हटवण्याचा हक्क वापरकर्त्यांना द्या आणि नियम बदलण्याआधी त्या निवडलेल्यांशी बोला, ही असावी. त्यात मॉडरेटरांचं वतनही जाईल. ते सोडायची तयारी असेल, तरच मालकाला जाब विचारायचं तोंड राहील.