फॅरडेची मेणबत्ती आणि बगॅसचा ढीग

मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. विल्यम क्रुक्स यांनी संपादित केलेले त्यांचे पुस्तक १८६१ मध्ये निघाले. विज्ञानशिक्षकाने ते आजही जवळ ठेवावे, इतके ते चांगले आहे. तरीही सहाव्या व्याख्यानातला एक भाग जसाच्या तसा वर्गात नेला, तर विद्यार्थ्यांच्या हाती अर्धेच उत्तर लागते.

त्या भागात फॅरडे शिशाची अतिसूक्ष्म पूड हवेत ओततात आणि ती आपोआप पेट घेते. तीच पूड एकत्र साचून राहिली की जळत नाही, कारण आतपर्यंत हवा पोचत नाही, असे ते सांगतात. मग ते कोळशाकडे आणि मेणबत्तीकडे वळतात. हे पदार्थ हवेत असूनही पेटायला थांबतात. कोणाला थोडे तापवावे लागते, कोणाला बरेच. जळणारी वस्तू 'थांबते' हेच मुळात नवल आहे, हे मुलांच्या लक्षात आणून देणे ही या व्याख्यानाची खरी कमाई.

मात्र यातून दोन समज मागे उरतात. पदार्थ जितका मोकळा, तितकी आग जवळ, हा पहिला. प्रत्येक पदार्थाचे पेटण्याचे तापमान कायमचे ठरलेले असते, हा दुसरा. वर्गात 'ज्वलनांका'ची व्याख्या पाठ करून घेतली की हा दुसरा समज पक्का होतो.

जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी दोरीवर पसरली, तर ती नुसती वाळते. तीच बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर काही तासांत धुमसू शकते. हवा तर पसरलेल्या चिंधीला जास्त मिळते! मग धोका बोळ्याला का? तेल हवेतला ऑक्सिजन घेते तेव्हा थोडी उष्णता निर्माण होते. पसरलेल्या चिंधीतून ती निघून जाते, बोळ्यात अडकून राहते. तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग वाढतो आणि उष्णता आणखी निर्माण होते. हवा हवीच, पण निकाल लागतो तो उष्णतेच्या जमाखर्चावर.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला हा जमाखर्च घराजवळच पाहता येतो. गुऱ्हाळावर चिपाडे उन्हात पसरून वाळवतात आणि मग चुलवाणात घालतात. साखर कारखान्यात गाळपानंतर निघणाऱ्या बगॅसमध्ये मात्र जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते आणि थोडी साखरही उरलेली असते. शिलकी बगॅसचे मोठे ढीग रचले की आतले सूक्ष्मजीव ही साखर वापरतात आणि ढीग साठ-सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. त्यापुढे बहुतेक सूक्ष्मजीव तगत नाहीत. पण तोवर हवेशी होणाऱ्या रासायनिक अभिक्रियेने वेग घेतलेला असू शकतो. मूठभर बगॅस वर्षभर ठेवला तरी पेटणार नाही. मोठा ढीग काडी न लावता आतून पेटू शकतो. ओल्या वैरणीच्या गंजीचेही तसेच.

ढिगाची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली की घनफळ आठपट होते, पृष्ठभाग चौपटच. उष्णता निर्माण होते घनफळात, बाहेर जाते पृष्ठभागातून. निकोलाय सेम्योनोव यांनी १९२८ मध्ये आणि डेव्हिड फ्रँक-कामेनेत्स्की यांनी १९३९ मध्ये हा हिशेब गणितात बसवला. दुसऱ्या गणितात आकारही येतो. खूप रुंद थरासाठी सीमेचा आकडा ०.८८, लांब दंडगोलासाठी २.०० आणि गोलासाठी ३.३२. हे आकडे जाडीच्या वर्गाशी बांधलेले आहेत. त्यामुळे १ मीटर जाडीचा थर जेथे धोक्याच्या सीमेवर असेल, तेथेच दंडगोलाला सुमारे १.५ मीटर आणि गोलाला सुमारे १.९ मीटर व्यास लागतो. गोल सर्व बाजूंनी निवतो, थर दोनच बाजूंनी. म्हणजे आपोआप पेटण्याचे तापमान एकट्या पदार्थाचे नसते. ते त्याच्या ढिगाचेही असते.

फॅरडे यांच्याकडे हे गणित नव्हते, त्याचा दोष त्यांना देता येत नाही. आपण मात्र त्यांच्याच जागी थांबू नये. वर्गात तेलकट चिंध्यांचा प्रयोग मुळीच करू नये. त्याऐवजी मोड आलेले मूग एका थर्मासमध्ये आणि उकळून जंतुनाशकात बुडवलेले मूग दुसऱ्यात ठेवावेत. दोन्हींच्या तोंडाला कापसाचा बोळा आणि आत तापमापी. थोडे मोड आलेले मूग ताटात पसरावेत. दुसऱ्या दिवशी पहिला थर्मास गरम झालेला दिसेल. ताटातले मूगही श्वसन करतात, पण त्यांची उष्णता टिकत नाही.

हे समजणे परीक्षेपुरते नाही. वाफ दिसली म्हणून तापलेला ढीग फावड्याने उकरला, तर आत ताजी हवा शिरून भडका उडू शकतो. आतून जळून पोकळ झालेला ढीग त्यावर चढलेल्या माणसाच्या पायाखाली खचू शकतो. ज्वलनांकाची नुसती व्याख्या शिकलेल्या मुलाला यातले काही सुचणार नाही. जमाखर्च शिकलेला मुलगा ढीग बेताच्या उंचीचे ठेवायला सांगेल, त्यांच्यात अंतर सोडेल, आतले तापमान मोजेल आणि उकरण्यापूर्वी अग्निशामक दलाला बोलावेल.