४० टक्के की १ टक्का? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

संशोधनाकडे वळायचं ठरवलं असेल, तर एक सवय आत्तापासून लावून घ्या. पेपरमध्ये फार देखणा आकडा दिसला, की आधी विचारायचं: हा मोजला कसा? आज माझ्याच विषयातला, म्हणजे उष्णतेच्या वहनाचा आणि अभिसरणाचा, एक पेपर आपण असा वाचू.

२००१ साली 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मध्ये ईस्टमन, चोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा छोटासा पेपर आला. इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या कूलंटमध्ये असतं ते, त्यात तांब्याचे १० नॅनोमीटरपेक्षाही लहान कण मिसळले होते. प्रमाण आकारमानाने फक्त ०.३ टक्के. आणि उष्णतावाहकता वाढली ४० टक्क्यांपर्यंत! 'नॅनोफ्लुइड' हे नाव चोई यांनी १९९५ मध्येच दिलं होतं, पण या आकड्यामुळे या विषयावर पेपरांचा अक्षरशः पूर आला.

आता कागद-पेन घ्या. मॅक्सवेलने १८७३ च्या ग्रंथात मिश्रणाच्या वाहकतेचं गणित मांडलं. ते विजेसाठी होतं, पण उष्णतेच्या वहनालाही तसंच लागू पडतं. कण गोल, विरळ आणि द्रवापेक्षा खूपच जास्त वाहक असतील, तर वाढ साधारण कणांच्या प्रमाणाच्या तिप्पट. म्हणजे ०.३ गुणिले ३, ०.९ टक्के. कण तांब्याऐवजी चांदीचे घेतले तरी उत्तर जवळपास तेच, कारण उष्णतेला वाटेत शेवटी ग्लायकॉलच ओलांडावं लागतं. गणित सांगतं १, पेपर सांगतो ४०.

पेपरची जमेची बाजू आधी सांगते. लेखकांनी ही विसंगती लपवली नाही, शीर्षकातच मांडली. सर्वात मोठी वाढ स्थिरता देणारं आम्ल घातलेल्या नमुन्यात होती आणि ताज्या व जुन्या नमुन्यांचे आकडे वेगळे येतात, हेही दाखवलं. माझ्या मते पेपरमधली सर्वात महत्त्वाची नोंद हीच. ठेवलेल्या नमुन्याचा गुणधर्म बदलत असेल, तर आपण द्रवाचा गुणधर्म मोजतोय की कणांच्या गुठळ्यांचा इतिहास? नंतरच्या बहुतेक वाचकांनी ४० उचलला आणि ही नोंद सोडून दिली.

आता मोजण्याकडे येऊ. इथे बहुतेक जण तापत्या तारेची पद्धत वापरतात. प्लॅटिनमची बारीक तार द्रवात उभी ताणायची, एकदम करंट सोडायचा आणि तिचं तापमान कसं चढतं ते टिपायचं. तापमान आणि वेळेचा लॉगॅरिदम यांचा आलेख सरळ रेषेत येतो. रेषेचा चढ जितका कमी, तितकी वाहकता जास्त. पण काही वेळाने तारेजवळचा गरम द्रव हलका होऊन वर सरकू लागतो. अभिसरण सुरू! तार जास्त वेगाने उष्णता गमावते, रेषा आडवी होऊ लागते आणि चढ कमी दिसतो. तुम्ही वहन मोजायला बसलेले असता आणि अभिसरण गुपचूप आकडा फुगवत असतं.

मी स्वतः यात फसले आहे. पाण्यात २ टक्के ॲल्युमिना घालून मला १८ टक्के वाढ मिळाली. आनंदाने सरांकडे धावले. त्यांनी एकच विचारलं, "नुसत्या पाण्याचं किती आलं?" मी ते मोजलंच नव्हतं, पुस्तकातला ०.६०७ सरळ वापरला होता. मोजलं तर आलं ०.६८. आलेखाच्या शेवटचे वाकडे बिंदू मी आनंदाने रेषेत कोंबले होते! ते काढले तेव्हा पाणी ०.६१ वर आलं आणि माझी वाढ उरली जेमतेम ५ टक्के. मॅक्सवेल सहाच्या आसपास सांगत होता. तीन महिन्यांचं काम एका प्रश्नाने जमिनीवर आलं.

ईस्टमन यांच्याकडून हीच चूक झाली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण २००९ मध्ये बुओन्जोर्नो आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ३० हून अधिक संस्थांना एकसारखे नमुने वाटून मोजमाप करून घेतलं. बहुतेकांचे आकडे सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत आले आणि कुठेही 'चमत्कारिक' वाढ दिसली नाही. जुनं गणितच पुरलं. या कामाचीही मर्यादा ध्यानात घ्या: तांबे-ग्लायकॉलचा मूळ नमुना त्यात नव्हता. त्यामुळे २००१ चा आकडा खोटा ठरला असं म्हणता येत नाही. पण तो नॅनोफ्लुइडचा सर्वसाधारण नियम नाही, एवढं मात्र नक्की.

वाहणाऱ्या द्रवात आणखी एक सापळा असतो. "त्याच रेनॉल्ड्स संख्येला उष्णता जास्त वाहून गेली" असं वाक्य तुम्हाला वारंवार भेटेल. कण घातल्यावर द्रव दाट होतो, म्हणून तीच रेनॉल्ड्स संख्या गाठायला तो जोरात ढकलावा लागतो. फायदा कणांचा की पंपाचा? पाक आणि चो यांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं की सरासरी वेग सारखा ठेवला, तर ३ टक्के कणांच्या द्रवाचा उष्णता-संक्रमण गुणांक साध्या पाण्यापेक्षा १२ टक्के कमी भरतो. तुलना कशाशी केली, यावर निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

म्हणून पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा तीन गोष्टी शोधा. नुसत्या द्रवाचं मोजमाप त्याच उपकरणावर केलंय का? आलेखाचा कोणता भाग वापरला? तुलना करताना काय स्थिर ठेवलं? आणि हेच प्रश्न स्वतःच्या वहीला आधी विचारा. सरांनी विचारण्यापूर्वी विचारलेत, तर तीन महिने वाचतील.