पंगतीतील श्लोक आणि पंक्तिभेद

पंडिती काव्याची चर्चा आपल्याकडे प्रायः यमक, अलंकार आणि संस्कृत आदर्श यांच्या अंगाने होत आली आहे. हे काव्य कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या तोंडून ऐकले जाई, हा प्रश्न दुय्यम मानला गेला. लग्नमुंजीच्या जेवणात पाहुण्यांनी श्लोक म्हणण्याची चाल लक्षात घेतली, तर या काव्याच्या घडणीकडे निराळ्या दृष्टीने पाहणे भाग पडते.

पंगतीतला श्लोक आख्यानातून सुटा झालेला असतो. वाढप चालू असता एखादा पाहुणा खड्या आवाजात चार चरण म्हणतो, पंगत गजर करते आणि पुढच्याची पाळी येते. मागचा कथासंदर्भ सांगण्यास येथे अवसर नसतो. उजवा हात उष्टा असल्याने पोथी धरण्याचीही सोय नसते! सारा भार पाठांतरावर असतो. वामन पंडितांच्या ज्या यमकांना टीकाकारांनी कृत्रिम ठरवले, ती येथे म्हणणाऱ्याच्या स्मृतीला आणि ऐकणाऱ्याच्या अपेक्षेला एकाच वेळी आधार देतात. वृत्ताचेही तसेच आहे. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत. चरणात १२ अक्षरे, लघु-गुरू-गुरू असा गण चार वेळा. नुकती मुंज झालेला बटूही एका दमात चरण पेलतो. मोरोपंतांच्या ‘केकावली’तील पृथ्वी वृत्ताला १७ अक्षरे आणि आठव्या अक्षरावर यती; तो तयारीच्या गळ्याचा प्रांत. तेव्हा हे काव्य केवळ ग्रंथनिविष्ट होते, हे गृहीतक तपासून घ्यावे लागेल.

संस्कृतात ‘पंक्ती’ म्हणजे ओळ. जेवणाऱ्यांचीही आणि अक्षरांचीही. हा श्लेष निरुपद्रवी नाही. श्लोक म्हणण्याचा मान पहिल्या पंगतीतील पुरुषांचा. स्त्रिया वाढत असत वा मागाहून जेवत. ज्यांना त्या ओळीत पानच मांडले जात नसे, त्यांना तेथे श्लोक म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. याच लग्नघरात स्त्रियांची स्वतःची गाणी होती. वरमाय जेवायला बसली की वधूपक्ष ‘विहीण’ म्हणे; लेक सोपवण्याची कळ आणि व्याह्यांची थट्टा तीत शेजारी नांदत. रुखवतावर तर पाहुण्या आलेल्या वरपक्षाच्या बायका उखाण्याला उखाण्याने उत्तर देत. समोरचा पदार्थ आणि समोरच्या माणसाचे नाव गुंफून तत्क्षणी यमक जुळवायचे, हे कसब पाठ श्लोक म्हणण्यापेक्षा कमी कसे मानावे? तरीही वाङ्मयेतिहासात श्लोक ‘काव्य’ ठरला आणि विहीण ‘लोकगीत’. ही विभागणी गुणवत्तेवर झाली असे मला वाटत नाही. ती बसण्याच्या ओळीवरून झाली.

हिंदी प्रदेशात अध्यापन करताना हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे वऱ्हाड जेवत असता वधूकडील स्त्रिया पाहुण्यांना उद्देशून ‘गारी’ गातात. म्हणजे आपल्या विहिणीप्रमाणे यजमानीणच गाते, पाहुणा ऐकतो. तुलसीदासांनी ‘रामचरितमानसा’च्या बालकांडात, सीतेच्या विवाहातील जेवणावळीत, या गारींना जागा दिली आहे. रामाचे वडील त्या ऐकतात आणि आपल्या मंडळींसह हसतात. भक्तिकाव्याच्या मध्यभागी, राजाच्या पानासमोर, बायकांची शिवी बसली आहे आणि कवीला त्यात काही विसंगत वाटलेले नाही.