शारदेची सुटका : कायद्याच्या दृष्टीनें

गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संगीत शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील पदांची व भुजंगनाथाच्या स्वभावचित्राची स्तुति आजवर पुष्कळ झाली आहे, आणि ती यथायोग्यच आहे. आमचा आक्षेप आहे तो उपसंहारावर. धनलोभी कांचनभट पोटची पोर एका जख्ख म्हाताऱ्यास विकतो. मुलीस कोणी विचारीत नाहीं. आणि ऐन वेळीं लग्न मोडतें तें कशामुळें? तर वधूवर सगोत्र निघाले म्हणून!

प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु भुजंगनाथाचें गोत्र निराळें असतें तर? तर त्या काळच्या कायद्यांत हें लग्न अडविणारें कांहींच नव्हतें. मोल घेऊन कन्या देणें धर्मशास्त्रानें 'आसुर' म्हणून निंद्य ठरविलें होतें खरें. पण असा विवाहही न्यायालयें विवाह म्हणूनच मान्य करीत. कन्या ही दानाची वस्तु, दाता बाप. तेव्हां तिच्या नकारास किंमत कोठून येणार? नाटककारानें शारदेस ज्या वाटेनें बाहेर काढलें, त्या वाटेशीं तिच्या दुःखाचा कांहींएक संबंध नाहीं.

याचा सर्व दोष देवलांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. त्या काळीं कायद्याची दृष्टीच बाह्य विधीवर खिळलेली होती. नाटकाच्या तीनच वर्षें आधीं, १८९६ सालीं, विलायतेंत हाउस ऑफ लॉर्ड्सनें सालोमन नांवाच्या बुटांच्या व्यापाऱ्याच्या खटल्याचा निकाल दिला. कंपनी स्थापण्यास सात सभासद लागत. आमच्याकडील १८८२ च्या कायद्यांतही संख्या सातच होती. या गृहस्थानें स्वतः, पत्नी व पांच मुलें मिळून सात भरले. २०,००७ भागांपैकीं ६ सोडून बाकीचे सारे त्याचेच! तरीही कंपनी ही त्याच्याहून भिन्न अशी व्यक्ति आहे, तिचें कर्ज तें त्याचें कर्ज नव्हे, असें ठरलें. सात सह्या पडल्या कीं कंपनी जन्मास आली. सातवें पाऊल पडलें कीं विवाह सिद्ध झाला. कागदावर जन्मलेल्या या व्यक्तीस स्वतःच्या नांवानें फिर्याद करितां येई. हाडामांसाच्या शारदेस मात्र 'नको' म्हणून आपला विवाह थांबवितां येत नव्हता.

सातव्या पावलाचें महत्त्व १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेंही, जेथें सप्तपदीची रीत आहे तेथें, राखलें आहे. सगोत्रतेची आडकाठी मात्र १९४६ सालींच दूर झाली. कोदंडाचा हुकमी पत्ता आज फुकट जाईल. १९२९ चा 'शारदा कायदा' या नाटकावरून नांव पावला असें कित्येक समजतात, पण तें नांव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलें. त्या कायद्यानें लग्न लावणाऱ्यांस शिक्षा सांगितली, पण लागलेलें लग्न कायम ठेविलें. अल्पवयी मुलगी लग्नासाठीं विकली असेल तर तें लग्नच मुळांत रद्द, असें म्हणणारा कायदा २००६ सालीं झाला. कांचनभटाचा सौदा हेंच लग्न मोडण्याचें कारण ठरण्यास १०७ वर्षें लागलीं.

म्हणून आजच्या नाटकमंडळ्यांना आमची एवढीच सूचना आहे, कीं गोत्राचा प्रवेश गाळूं नये. तो करतांना कोदंडास विजयी वीराचा आविर्भाव मात्र देऊं नये. तेथें शारदेची बाजू जिंकलेली नाहीं. ती मांडलीही गेलेली नाहीं.