माशाच्या वाताशयातील प्रथिनांचे मापन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच लोकांच्या बोलीतील ‘मामा तलाव’, ढिवर समाजाच्या उपजीविकेचा आधार आहेत. या तलावांत रोहू, कटला व मृगळ हे मासे वाढविले जातात. परंतु मासा कापताना निघणारे वाताशय बहुधा आतड्यांबरोबर फेकले जाते. याउलट पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाचे वाताशय ‘बोत’ या नावाने जपले जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये मुरबे येथील मच्छीमारांच्या १५७ घोळ माशांना लिलावात सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये मिळाल्याचे वृत्त होते. गोड्या पाण्यातील माशांच्या वाताशयास तेवढे मोल येईल असे मानण्यास आधार नाही. मात्र त्याचे खरे मोल ठरविण्यासाठी आधी मापन अचूक हवे. प्रस्तुत लेखात या मापनाच्या रूढ पद्धतींचा परामर्श घेतला आहे.

विवेचन

वाताशयाच्या भिंतीतील प्रमुख प्रथिन म्हणजे पहिल्या प्रकारचे कोलॅजेन होय. त्याच्या साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असते; हायड्रॉक्सिप्रोलीन विपुल, टायरोसीन अल्प, तर ट्रिप्टोफॅन मुळीच नसते. नेमकी हीच रचना मापनात अडचण निर्माण करते.

लाउरी यांच्या १९५१ च्या पद्धतीतील निळा रंग बऱ्याच अंशी टायरोसीन व ट्रिप्टोफॅन यांच्यावर अवलंबून असतो. प्रमाण म्हणून अल्ब्युमिन वापरल्यास कोलॅजेनचे मान प्रत्यक्षापेक्षा कमी येते. शिवाय ऊतक साध्या द्रावणात घोटून केंद्रोत्सारणानंतर केवळ वरचा द्रव मोजला, तर अविद्राव्य कोलॅजेन तळाच्या साक्यातच राहते. म्हणजे जे शोधावयाचे तेच टाकून दिले जाते.

केल्डाल पद्धतीत दोष उलट दिशेने होतो. नायट्रोजनला नेहमीच्या ६.२५ ने गुणले जाते. कोलॅजेनसाठी योग्य गुणक सुमारे ५.५५ आहे. त्यामुळे शुद्ध कोलॅजेनचे मान सुमारे साडेबारा टक्क्यांनी फुगते. एकाच वाताशयाविषयी एक पद्धत उणे बोलते, दुसरी अधिक.

तिसरी उणीव नमुन्याची आहे. रोहूवर्गीय माशांचे वाताशय दोन कप्प्यांचे असते. पुढील कप्पा वेबेरियन अस्थिकांद्वारे श्रवणास साहाय्य करतो, तर मागील कप्प्यातून निघणारी नलिका अन्ननलिकेस मिळते. कार्य भिन्न असताना दोन्ही कप्पे एकत्र घोटणे म्हणजे तुलनेची संधी गमावणे होय.

निष्कर्ष

हायड्रॉक्सिप्रोलीनचे मापन, थंड वातावरणात ॲसेटिक आम्ल व पेप्सिन यांच्या साहाय्याने निष्कर्षण आणि दोन्ही कप्प्यांची स्वतंत्र नोंद, ही या अभ्यासाची किमान शिस्त ठरावी. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात तलावापासून प्रयोगशाळेपर्यंत नमुना बर्फातच आणणे अगत्याचे आहे. उष्णतेने कोलॅजेनचे जिलेटिन होते. कमी आलेल्या आकड्यावरून वाताशय टाकाऊ ठरविले, तर ढिवरांच्या हातचे एक संभाव्य उत्पन्न तपासण्यापूर्वीच नाकारले जाईल. फुगलेल्या आकड्यावरून आशा दाखविल्या, तर त्यांची फसगत होईल. दोन्ही चुकांची किंमत प्रयोगशाळेला नव्हे, तर तलावाकाठच्या कुटुंबांना मोजावी लागेल.