पहिल्या संकेतस्थळाचा जीर्णोद्धार : एक परीक्षण

जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेनें जगांतील पहिल्या संकेतस्थळाचा जीर्णोद्धार इ. स. २०१३ मध्यें हातीं घेतला. जुनें संकेतस्थळ मोडून नवें उभारण्याच्या विचारांत आज आपल्याकडील कित्येक संस्था आहेत. त्यांच्या दृष्टीनें ह्या कार्याचें परीक्षण अवश्य वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

टिम बर्नर्स-ली ह्यांनीं हें स्थळ १९९० च्या अखेरीस नेक्स्ट जातीच्या संगणकावर उभें केलें व १९९१ च्या ऑगस्टांत त्याची वार्ता बाहेर दिली. पण ह्या पानांचा लेखनधर्म पोथ्यांहून अगदीं निराळा. लेखक नवी पोथी उतरी तेव्हां जुनी शेजारीं तशीच राही. येथें नवें पान जुन्याच्याच जागीं बसतें, आणि कोणी निराळी प्रत राखली नसल्यास कालचा पाठ समूळ नाहींसा होतो. ह्यामुळें अवघ्या बावीस-तेवीस वर्षांपूर्वींच्या स्थळाचें आद्य रूप संस्थेच्या हातीं लागलें नाहीं. १९९२ ची प्रत आधारास घ्यावी लागली. पुढें उत्तर कॅरोलिनांतील एका प्राध्यापकाजवळ १९९१ ची प्रत निघाली, ती केवळ त्यांच्या खासगी जपणुकीमुळें. दप्तरें सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांस ह्याचें नवल वाटूं नये.

ह्या कार्यांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती मूळ पत्त्याची पुनःस्थापना. कित्येक वर्षें त्या पत्त्यावर जाणारास केवळ दर्शनी पानावर नेऊन सोडलें जाई. आतां तेथें जुनें पान पुन्हां उघडतें. शिवाय ओळीओळीनें मजकूर दाखविणाऱ्या तत्कालीन वाचनसाधनाची प्रतिकृतिही सिद्ध केली आहे. पोथी छापतांना इतकी काळजी आम्हीं तरी क्वचितच घेतों!

दोष एकच, पण तो लहान नव्हे. दर्शनी पानावरील दुव्यास नुसतें 'पहिलें संकेतस्थळ' म्हटलें आहे; प्रत १९९२ ची, हें तेथें दिसत नाहीं. वेबच्या मानकसंस्थेनें राखलेल्या प्रतीच्या पत्त्यांतच ३ नोव्हेंबर १९९२ ही तारीख गोंविली आहे, ती रीत निःसंशय चांगली. उत्तरकालीन प्रतीस मूळ प्रत म्हटल्यानें काय घोटाळे होतात हें आपण जाणतोंच. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तो उपकारच. परंतु नाथपूर्व पाठ धुंडाळतांना राजवाड्यांस व त्यांच्या मागून येणारांस किती सायास पडले!

नवें स्थळ उभारूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. 'स्पेस जॅम' ह्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाच्या वेळीं, २०२१ मध्यें, मुख्य पत्ता नव्या स्थळास दिला गेला. जुनें स्थळ मात्र पत्त्यापुढें १९९६ हा अंक जोडून जसेंच्या तसें ठेविलें. करमणुकीच्या धंद्यास जें सुचलें तें संशोधनसंस्थांस सुचूं नये काय? अर्थात् जुना पत्ता बदलूं न देणें हें ह्याहूनही चांगलें, कारण आमच्या टीपांतील आधार त्या पत्त्यांवरच उभे आहेत. पत्ते बदलूं नयेत असें बर्नर्स-ली ह्यांनींच १९९८ च्या आपल्या निबंधांत निक्षून सांगितलें आहे.

सर्नच्या त्या दुव्याखालीं प्रतीचें वर्ष घालणें हें एका ओळीचें काम आहे. तें लवकर व्हावें.