मिलची नीति आणि चांद्याची साक्ष

बलाढ्य राष्ट्रानें परक्या देशांत सैन्य घालावें कीं नाहीं, या वादांत जॉन स्टुअर्ट मिल याच्या निबंधाचा आधार अद्यापहि घेतला जातो. तो डिसेंबर १८५९ मध्यें 'फ्रेझर्स मॅगझीन'मध्यें प्रसिद्ध झाला. त्याची परीक्षा लंडनांत बसून करण्यापेक्षां, ज्या मुलुखानें असे हस्तक्षेप सोसले त्या चांद्याच्या रानांतून केलेली अधिक बरी.

निबंधाचा पूर्वार्ध निःसंशय थोर आहे. एखाद्या तत्त्वाच्या प्रसारार्थ केलेलें आक्रमण हें मुलुखाच्या लोभानें केलेल्या आक्रमणाइतकेंच निंद्य होय. परक्यानें मिळवून दिलेलें स्वातंत्र्य टिकत नाहीं, कारण तें राखण्याची हिंमत स्वतः झगडूनच अंगीं येते, असें मिल म्हणतो. परंतु हे नियम सुधारलेल्या राष्ट्रांपुरतेच, रानटी लोकांस ते लागू नाहींत, असा अपवादहि तो करतो. रानटी कोण, हें ठरविणार मात्र ज्यास सैन्य न्यावयाचें आहे तोच! मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत होता, हें वाचकानें विसरूं नये.

तैनाती फौजेसंबंधीं त्याचें निदान अचूक आहे. परकी फौज पाठीशीं असली कीं राजास प्रजेची भीति उरत नाहीं, व त्याच्या जुलमाचें पाप फौज देणाऱ्याच्याहि माथीं येतें. पण त्यावरून तो अयोध्येचें १८५६ चें खालसाकरण कर्तव्य ठरवितो. रोग लावणारा वैद्यच रोग्याचा वारस व्हावा, असा हा न्याय आहे.

नागपुरास तर जुलमाच्या सबबीचीहि गरज पडली नाहीं. १८१६ त आप्पासाहेबांनीं तैनाती फौज पतकरली. १८१७ त सीताबर्डीची लढाई झाली. मे १८१८ त चांद्याचा किल्ला पडला. आणि तिसरे रघूजी १८५३ त निपुत्रिक वारतांच पुढील वर्षीं राज्य खालसा झालें. मग १८५८ त बाबुराव शेडमाके उठले, व २१ ऑक्टोबर रोजीं चांद्यास फांशीं गेले. स्वातंत्र्यासाठीं मरण्याची तयारी हीच जर मिलची कसोटी, तर तीस हा गोंड वीर उतरला होता. तरीहि मिलच्या वर्गवारींत त्याची जागा रानटांतच लागली असती.

तथापि इंग्रजांस दोष देऊन आम्हां मराठ्यांस हात झटकतां येणार नाहींत. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान वारल्यावर वारसाचा तंटा मिटविण्यास राणीनें पहिल्या रघूजींस बोलाविलें. ते आले, तंटा मिटविला, मोबदला घेऊन परतले. १७४३ त भावाभावांच्या कलहांत पुन्हां आले ते राहिलेच, आणि राजा त्यांचा वेतनदार झाला. १७५१ त चांद्याचें गोंड राज्यहि भोंसल्यांकडे गेलें. बोलावणें खरें असूनहि न्याय राहिला नाहीं.

म्हणून हेतूपेक्षां परतीकडे पाहावें. १९७१ त पूर्व बंगालचे सुमारें एक कोटि निर्वासित आपल्याकडे आले असतां सर्वस्वीं अलिप्तता हा धर्म ठरला नसता. परंतु त्या हस्तक्षेपाचें खरें समर्थन मार्च १९७२ त आपलें सैन्य परतलें, त्यांत आहे. उलट २००३ त ज्या शस्त्रांसाठीं इराकवर चढाई झाली तीं सांपडलीं नाहींत, तरी सैन्य वर्षानुवर्षें तेथेंच राहिलें. परतण्याची अट हस्तक्षेपास पुरेशी नसेल. पण तिच्यावांचून केलेला प्रत्येक हस्तक्षेप ही चढाईच समजावी.